भोंग्याच्या मागची बाजू

या, असे पुढे सरकून बसा. लांब बसून चालायचं नाही, कारण ही गोष्ट सांगताना माझा आवाज मध्येच खाली जातो आणि मागच्यांना वाटतं, संपली. संपलेली नसते. राज्यभर विधानसभेची निवडणूक लागली होती तेव्हाची ही गोष्ट. ज्याने अर्ध्या राज्याकडे मतं मागितली आणि स्वतःसाठी एकही मागितलं नाही, त्या मुलाची. आणि त्याच्या आईबापांची.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी भोंगेकाकांचं दुकान. भोंगे भाड्याने द्यायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. छताला भोंगे टांगलेले, टेबलावर एकदोघांची पोटं उघडी टाकलेली, आणि मधोमध काका, चष्मा कपाळावर, तोंडात स्क्रू. दुकानामागे एक खोली होती. तिच्या चारी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. त्या खोलीत काकांचा मुलगा माइकपुढे बसायचा आणि काचेपलीकडे त्याचा मित्र यंत्र चालवायचा. या मित्राला सगळे बटण्या म्हणत. दोन लेकरांचा बाप झाला तरी बटण्याच.

मुलाचा आवाज गोड म्हणावा तर तसा गोड नव्हता. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, हा मलाच हाक मारतोय. परमेश्वर एखाद्याला असं देणं देतो आणि का दिलं ते सांगत नाही. निवडणूक लागली की मतदारसंघामतदारसंघांतून उमेदवारांची माणसं दुकानापुढे उभी. मजकूर सगळ्यांना एकच. ‘माझ्या मायमाउल्यांनो, बंधूंनो, आपल्या सुखदुःखाला धावून येणारे, आपल्या हक्काचे...’ आणि इथे एक रिकामी जागा. मुलगा सगळ्या उमेदवारांची नावं आणि चिन्हं बाजारातून आणायचं सामान सांगावं तशी एका दमात म्हणून टाकायचा. मग बटण्या ज्याचं नाव त्याच्या जागेत बसवून ते एकेका छोट्या कार्डावर भरून द्यायचा, गाडीतल्या यंत्रासाठी. शिडीवाल्याच्या गाडीवर तोच, छत्रीवाल्याच्या गाडीवर तोच. चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या की हा स्वतःशीच भांडतोय असं वाटे.

पण घरात मात्र काकांचा एक कायदा होता. निवडणूक आहे तोवर मुलाने घरात तोंड उघडायचं नाही. गळा जपायचा. गरम पाणी प्यायचं आणि काय ते खुणांनी सांगायचं.

त्यामुळे जेवताना मोठी गंमत चाले. मुलाने चिमूट दाखवली की मीठ कमी. दोन बोटं चालवून दाखवली की बाहेर जातोय. काकू वैतागायच्या.

“सकाळी शिडीला मत द्या, दुपारी छत्रीला मत द्या! लाज नाही वाटत रे मेल्या?”

मुलगा गळ्याकडे बोट दाखवायचा, मग पोटाकडे, आणि मग असा काही साळसूद चेहरा करून हात जोडायचा की काकूंना हसू आवरायचं नाही.

“अरे बोल की! रस्त्यावर नरडं फाडतोस, आणि आईपुढे तोंडाला कुलूप?”

“बोलवू नकोस त्याला,” काका ताटावरून मान न उचलता म्हणायचे. “गळा बसला की सगळंच बसेल. निवडणूक संपली की बोल म्हणावं काय बोलायचं ते.”

निवडणूक संपेपर्यंतची त्याला कुठे सवड मिळाली.

प्रचार ऐन भरात होता. एका दुपारी काम आटोपून तो त्या खोलीतच आडवा झाला. बटण्या चहा सांगायला बाहेर गेला. परत आला तर हा तसाच पडलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्याला कळलंही नसेल. न कळण्याचं तेवढं सुख देवाने त्याला दिलं, आणि कळण्याचं सगळं दुःख आईबापांच्या पदरात टाकलं.

त्याला घरातून बाहेर काढलं तेव्हा आख्खा रस्ता खाली मान घालून उभा होता. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून शिडीची गाडी वळली. ड्रायव्हर बिचारा परगावचा, त्याला काय ठाऊक? ‘माझ्या मायमाउल्यांनो...’

खांदा दिलेली माणसं जागच्या जागी थबकली.  कुणीतरी धावत जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, तर घाईत त्याला बंद करायचं बटणच सापडेना. आवाज सुरूच. वर तो हाका मारतोय आणि खाली आपण त्याला नेतोय. काकू तोवर दगडासारख्या बसल्या होत्या, डोळ्यांत टिपूस नाही. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “आले रे.”

त्यानंतर गाड्या यायच्या थांबल्या नाहीत. कशा थांबतील? ज्याला त्याला निवडून यायचं होतं. गाडी लांबून ऐकू आली की काकू हातातलं टाकून दारात. शेगडीवर दूध उतू जातंय, नळ वाहतोय, काकू दारात. आवाज जवळ येई, दारावरून जाई, पुढच्या वळणावर बारीक होत होत विरून जाई. तोवर काकू चौकटीला धरून उभ्या. मग आत येऊन त्या अगदी शांतपणे दूध पुसत. काकांना ते दूध पुसणं बघवत नव्हतं.

शेजारच्या वहिनी एकदा काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “काका, रागावू नका. पण काकूंना सांभाळा. गाडीला उत्तरं देतात त्या. माणूस असंच हातातून जातं हो.”

काका दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत गेले. बटण्या यंत्रापुढे बसला होता.

“पूस सगळं,” काका म्हणाले.

“काय पुसू, काका?”

“त्याचा आवाज. यंत्रातला पूस. गाड्यांतली कार्डं मागव आणि तीही पूस. सगळ्यांना तुझ्या आवाजात करून दे.”

“काका, सगळं नको. एखादं ठेवतो ना मी माझ्याजवळ.”

“एखादंही नको. माझी बायको मला परत पाहिजे, बटण्या. मुलगा गेला, तो गेला.”

भोंगे काकांचे, दुकान काकांचं, आणि दुःखातल्या बापाला नाही कोण म्हणणार? उमेदवारांच्या माणसांनी निमूटपणे कार्डं आणून दिली. बटण्या ती पुसत होता आणि सारखा बाहीला डोळे पुसत होता. मग त्याने माइकपुढे बसून सगळ्यांची नावं आपल्या आवाजात म्हटली. रडून त्याचं नाक चोंदलेलं, त्यामुळे सगळेच उमेदवार पडशाने आजारी असल्यासारखे वाटत होते.

पहिली गाडी आली तशा काकू धावत दारात गेल्या. क्षणभर ऐकलं. आणि त्या हसल्या, खरंच हसल्या.

“अहो, हा तर बटण्या! ह्याला कुणी बसवला? ह्याला सर्दी झालीय!”

मग त्यांचं हसू विरलं. “आणि आपला कुठे गेला?”

काका म्हणाले, “त्या गाड्या दुसऱ्या भागात गेल्या.”

बोलून गेले. आणि काकूंनी ते खरं मानलं. नवऱ्याने आजवर खोटं सांगितलेलं नव्हतं, मग का मानू नये?

त्या दिवसापासून काकू घरात दिसेनात. घरातली कामं उरकली की चपला घालायच्या आणि दुसऱ्या भागात. पेठेत, नदीपलीकडे, बसस्थानकावर. जी गाडी दिसेल तिच्यामागे जायचं, थोडं ऐकायचं, आपला नाही कळलं की दुसरी गाडी. सकाळी शिडीच्या मिरवणुकीत, दुपारी छत्रीच्या. लोकांना गंमत वाटायला लागली.

“मावशी, नक्की कुणाच्या तुम्ही? काल तर शिडीवर चढला होता!”

“ऊन लागलं असेल, म्हणून छत्रीत आल्या!”

काकू कुणावर रागावल्या नाहीत. विचारायच्या, “बाबा, तुमच्याकडे दुसरी गाडी नाही का? जुनी?”

काका शोधत शोधत पोचले तेव्हा काकू बसस्थानकाच्या बाकावर बसल्या होत्या. पायांवर धूळ, ओठ कोरडे. छत्रीवाल्या कार्यकर्त्यांनी हातात एक कागदी झेंडा दिला होता, तो तसाच धरलेला.

“चल घरी,” काका म्हणाले.

“नदीपलीकडेही नाही हो. सगळीकडे बटण्याच.”

काका त्यांच्या शेजारी बसले. बसेस येत होत्या, जात होत्या. मग काका म्हणाले, “मी पुसायला लावला. सगळा.”

काकू ओरडतील, शिव्या देतील, झेंडा फेकून मारतील असं काकांना वाटलं. निदान तसं त्यांना हवं होतं. काकू हळूच म्हणाल्या, “का हो?”

“तू वेडी होशील असं वाटलं मला.”

“मला माहीत होतं की तो गेलाय. मी काय खुळी आहे? मीच नाही का त्याला आंघोळ घातली?” झेंड्याची काडी त्यांनी बोटाभोवती फिरवली. “पण तो घरात बोललाच नाही ना. कधीपासून नुसत्या खुणा. शेवटचं माझ्याशी काय बोलला ते आठवायला गेले, तर चिमूट आठवते. मीठ कमी म्हणून. माझ्या वाटणीचं सगळं बोलणं त्या गाडीवर होतं. ते मी दारात उभी राहून घेत होते.”

 बोलू नको हा कायदा काकांचा. पूस हा हुकूमही त्यांचाच. ज्या बाईला वाचवायला निघाले, तिच्याच तोंडचा घास त्यांनी दोनदा काढून घेतला होता.

त्या दिवशी ते बटण्यापुढे जाऊन उभे राहिले. “काही उरलंय का रे? कुठे तरी?”

बटण्याने आधी नाही म्हणून मान हलवली. मग डोकं खाजवलं. “काका, एक किटली आहे.”

किटली म्हणजे डोंगराकडच्या मतदारसंघातला एक अपक्ष. निवृत्त पोस्टमन. प्रचाराच्या अगदी सुरुवातीला स्वतः बसने येऊन कार्ड आणि एक जुना भोंगा घेऊन गेला होता, आणि नंतर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. किटलीला कोण विचारतो? पण दुसऱ्याच दिवशी प्रचार संपायचा होता. मतदानाआधी सगळे भोंगे बंद करायची सरकारने ठरवलेली वेळ असते ना, ती सायंकाळची. त्यानंतर कार्डाचं तो काय करेल, कुणी सांगावं.

काका आणि काकू पहाटेच निघाली. आयुष्यात पहिल्यांदा काका हत्यारांची पिशवी न घेता घराबाहेर पडले. एक बस, दुसरी बस, वाटेत एक बिघडली. खिडकीबाहेर मतदारसंघ बदलत होते. भिंतीवरचे चेहरे बदलत होते, चिन्हं बदलत होती, भोंग्यांतून बटण्या मात्र सगळीकडे शिंकल्यासारखा बोलत होता. काकू कानांवर हात ठेवून बसल्या. उतरली तेव्हा उन्हं कलली होती.

पोस्टमन सापडायला वेळ लागला नाही. सामान वाहायच्या तीनचाकी सायकलवर बॅटरी, वर काकांचाच जुना भोंगा, आणि पायडल मारत स्वतः उमेदवार, तोंडाने ओरडत, “किटली! किटलीला मत द्या, आणि नको असेल तर निदान मतदानाला या!”

काकांनी हात केला. म्हणाले, “भोंगा का बंद आहे?”

“तुमचाच तो! सुरुवातीलाच मुका झाला,” पोस्टमन खाली उतरला. “म्हटलं जाऊ दे. निवडून आलो तर बायको घरात घेणार नाही म्हणालीय. पण तुम्ही एवढ्या लांब भाडं मागायला आलात?”

 काकूंनीच सांगितलं, चार वाक्यांत. पोस्टमनने डोक्यावरची टोपी काढली. “माउली, कार्ड आहे. हे काय, यंत्रातच आहे. त्याला मी हातही लावलेला नाही.”

काकांनी भोंग्याच्या मागचं झाकण उघडलं. आतलं टोक गंजून तुटलं होतं, तार नुसतीच लोंबत होती. डाख लावून तार जोडायला सामान नाही, गावातलं एकुलतं दुकान बंद. वेळ तर हातातून चाललेली. काकांनी तार त्या तुटक्या बुडख्यावर टेकवली आणि अंगठ्याने दाबून धरली.

“लावा,” म्हणाले.

आधी खरखर झाली. आणि मग, ‘माझ्या मायमाउल्यांनो...’

काकूंनी डोळे मिटले. 

काकांनी अंगठा जरा हलवला तर आवाज तुटायचा. म्हणून ते तसेच उभे राहिले, हात वर, अंगठा आत. पोस्टमन हळूच म्हणाला, “इथे चौकात उभं राहून काय? त्याला जरा फिरवू या की. वेळ आहे अजून थोडा.” आणि तो पायडलवर बसला.

काकू काकांच्या बाजूने चालायला लागल्या, तसे काका म्हणाले, “इथे नको. मागच्या बाजूला नीट ऐकू येत नाही, नुसता पत्रा गुरगुरतो. तू पुढे हो. सायकलच्या पुढे चाल.”

“आणि तुम्ही?”

“मला धरून ठेवायचंय.”

मग निघाली ती मिरवणूक. सगळ्यांत पुढे काकू, हात मोकळे सोडून, सावकाश, मुलगा मागून हाका मारतोय आणि आपण त्याला घेऊन कुठेतरी चाललोय अशा. मागे पोस्टमन. आणि भोंग्याच्या मागे, हात वर धरून, सायकलच्या वेगाने पाय ओढत काका.

ओट्यावर बसलेल्या एकाने आवाज दिला, “पोस्टमनकाका! आज तुमची दोन माणसं वाढली की!”

“दोन नाही, तीन,” पोस्टमन म्हणाला.

दारं उघडत होती. लोक बघत होते, हसत होते, मग काकूंचा चेहरा पाहून गप्प होत होते. मुलगा बोलत होता. किटलीची खूण विसरू नका म्हणत होता, मतदान हा आपला हक्क आहे म्हणत होता. दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतंच. काकू एकेका शब्दाला मान हलवत होत्या. काकांचा खांदा भरून आला, बोटांना मुंग्या आल्या, अंगठ्याला पत्रा कापला. त्यांनी हात बदलला नाही. बदलला असता तर तेवढा वेळ तो गप्प झाला असता.

गावाच्या टोकाला पोस्टमनने सायकल थांबवली. घड्याळ बघितलं.

“काका, वेळ झाली.”

“त्या झाडापर्यंत,” काका म्हणाले.

“मी जन्मभर नियमाने वागलोय हो.” पोस्टमन म्हणाला. “बटण माझ्या हाताशी आहे. पण मी ते दाबणार नाही. मुलगा तुमचा आहे. तुम्ही सोडा.”

काका तसेच उभे. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. सोडायचं काकांच्या मनात नव्हतं असं नाही. पण बोटंच ऐकेनात, ती त्या तारेवर आकडून बसली होती. काकू पुढून परत आल्या. त्यांनी काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट हळूहळू उघडलं.

“सोडा हो,” म्हणाल्या. “दमला असेल तो.”

रस्ता एकदम शांत झाला. 

पोस्टमनने कार्ड काढून काकूंच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं ते. मतदान झालं, निकाल लागले, कुणी जिंकलं, कुणी हरलं. किटलीला किती मतं पडली ते विचारायचं कुणालाच सुचलं नाही. काकू अधूनमधून दुपारी दार लोटून ते कार्ड बारीक आवाजात लावतात. आणि तेव्हा दुकानात काका काही ना काही ठोकत बसतात. चांगला धड भोंगाही ठोकतात. काकूंना निदान त्या सायंकाळी तो उघड्या रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर ऐकू आला. काका मागच्या बाजूला होते, त्यांच्या वाट्याला नुसता पत्रा आला. म्हणून एवढंच मागणं आहे. आज दिवा मालवण्याआधी देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा भोंगेकाकांची आठवण असू द्या.